परदेशातून जुनी अंतराळ-खेळणी घेताना

दुसरं महायुद्ध संपलं, प्लास्टिक स्वस्त झालं आणि त्याच सुमारास अमेरिकी मुलांना अंतराळाचं वेड लागलं. ‘कॅप्टन व्हिडिओ’ ही मालिका १९४९ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘ईगल’ साप्ताहिकातून डॅन डेअर हा अंतराळवीर घराघरांत पोचला. आर्चर, पायरो, मार्क्स अशा अमेरिकी कंपन्यांनी लाल, निळ्या, हिरव्या, चंदेरी प्लास्टिकमध्ये अंतराळवीर आणि यानं ओतायला सुरुवात केली. माणूस अजून अंतराळात गेलाच नव्हता. त्यामुळे अंतराळवीराचं शिरस्त्राण कसं असेल, यानाला पंख किती असतील, हे त्या साचेकारांनी कल्पनेनेच ठरवलं. भविष्याकडे पाहण्याची एका पिढीची नजर या चार-चार इंची बाहुल्यांत उतरली आहे, आणि म्हणून त्या जपण्याजोग्या आहेत.

ही खेळणी आज मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि जपानमधल्या विक्रेत्यांकडे मिळतात. पुण्यात, नाशकात किंवा पणजीत बसून ती घ्यायची तर फोटो पाहूनच घ्यावी लागतात. जुन्या बाजारात आपण वस्तू उचलतो, उलटी करतो, नखाने ठोकून पाहतो, वास घेतो. हजारो मैलांवरच्या वस्तूच्या बाबतीत यातलं काहीच शक्य नसतं. तेव्हा हातांचं काम प्रश्नांकडून करून घ्यायचं, हे या छंदाचं मूळ सूत्र आहे. योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून काय माहीत असायला हवं, ते इथे क्रमाने मांडतो.

आधी आपलं क्षेत्र ठरवा

‘अंतराळ-खेळणी’ हा फार मोठा पसारा आहे. सुरुवातीला त्यातला एकच कोपरा निवडा.

पहिला गट १९५० च्या दशकातल्या कडक प्लास्टिकचा. आर्चरचे काढता येण्याजोग्या पारदर्शक शिरस्त्राणांचे अंतराळवीर, पायरोची एक्स-मालिकेतली यानं, मार्क्सचे तळ-प्रक्षेपक-बाहुल्या असे भरगच्च संच, ब्रिटनमधल्या ट्यूडर रोझ आणि चेरिलिया यांची खेळणी या गटात येतात.

दुसरा गट १९६० च्या दशकाचा. मॅटेलचा सहा इंची ‘मेजर मॅट मेसन’ १९६६ च्या सुमारास आला आणि चांद्रमोहिमांच्या काळात लोकप्रिय झाला. कलरफॉर्म्सचे परग्रहवासी, म्हणजे ‘आउटर स्पेस मेन’, १९६८ चे.

तिसरा गट १९७० च्या दशकाचा. जपानच्या ताकाराने १९७४ मध्ये ‘मायक्रोमॅन’ काढला, तो १९७६ पासून मेगो कंपनीने अमेरिकेत ‘मायक्रोनॉट्स’ म्हणून विकला. केनरच्या पावणेचार इंची ‘स्टार वॉर्स’ बाहुल्या आणि लेगोची अंतराळ-मालिका या दोन्ही १९७८ च्या.

यांखेरीज हाँगकाँगमध्ये बनलेला, कंपनीचं नावही नसलेला स्वस्त माल चौथ्या गटात मोडतो. नवख्याने लेगोचे अंतराळवीर किंवा हाँगकाँगचा माल यांपासून सुरुवात करावी. तो मुबलक मिळतो, चूक झाली तरी थोडक्यात निभावते आणि नजर तयार होते.

प्लास्टिकची जात ओळखा

या छंदातलं सर्वांत उपयोगी ज्ञान हेच. ‘प्लास्टिक’ म्हणून आपण ज्याला एकच समजतो, त्याच्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं.

पॉलिस्टायरीन कडक, चकचकीत आणि ठिसूळ असतं. पायरोची यानं, आर्चरचे अंतराळवीर याच जातीचे. ते वाकत नाही, तडकतं. यानांचे शेपटाचे पंख, बंदुकांची टोकं, उंचावलेले हात आधी मोडतात आणि अनेकदा डिंकाने जोडलेले असतात. जोडाच्या जागी प्लास्टिक विरघळून किंचित मंद झालेलं दिसतं. उजेडासमोर धरून काढलेल्या फोटोत केसाएवढी तडही उठून दिसते, म्हणून तसा फोटो मागा.

पॉलिएथिलीन मऊ, मेणासारखं आणि लवचिक असतं. नंतरच्या बऱ्याच छोट्या बाहुल्या याच्याच. ते सहसा मोडत नाही, पण त्यावर रंग धरत नाही. अशा बाहुलीवरचा रंग अगदी ताजा दिसला, तर तो नंतर दिलेला आहे का, हे विचारा.

एबीएस म्हणजे लेगो आणि केनरच्या अनेक भागांचं प्लास्टिक. पांढरं आणि करडं एबीएस ऊन लागून पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून ते पुन्हा पांढरं करता येतं, पण काही काळाने पिवळेपणा परतू शकतो. म्हणून ‘हे पांढरं केलं आहे का?’ हा प्रश्न थेट विचारा.

मऊ व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी, काळ लोटला की आतला मऊपणा देणारा द्रव बाहेर टाकतं. खेळणं चिकट होतं, त्यावर धूळ बसते. हा द्रव शेजारच्या पॉलिस्टायरीनलाही खातो. व्हिनाइलचं चाक कडक प्लास्टिकच्या गाडीत रुतून बसलेलं दिसतं, ते यामुळेच.

मेजर मॅट मेसनची गोष्ट वेगळी. त्याच्या रबरी अंगात तारेचा सांगाडा असतो. हातपाय वारंवार वाकवल्याने ती तार आतल्या आत तुटते. फोटोत बाहुली धडधाकट दिसते आणि हातात आल्यावर कोपर लुळं पडतं. इथे फोटो पुरत नाही. प्रत्येक सांधा वाकवून तो तसाच राहतो का, हे दाखवणारा छोटा व्हिडिओ मागा.

काळ ताडून पाहा

विक्रेते वर्ष अंदाजाने लिहितात. वस्तू स्वतः बरंच सांगत असते.

आकार पाहा. सिगारसारखं निमुळतं, मोठ्या पंखांचं यान बहुधा स्पुटनिकपूर्व कल्पनेतलं, म्हणजे १९५७ च्या आधीचं, निदान त्या वळणाचं. शंकूच्या आकाराची कुपी दिसली तर मर्क्युरी मोहिमांनंतरचं. कोळ्यासारख्या पायांचं चांद्रयान असेल तर अपोलो काळातलं.

खोका पाहा. अमेरिकी पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल, तर तो खोका १९६३ च्या आधीचा नाही. ‘ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का १९५२ नंतरच्या मालावर येत नाही. ‘एम्पायर मेड’ हे शब्द पन्नास-साठच्या दशकात ब्रिटनकडे जाणाऱ्या हाँगकाँगच्या मालावर असत. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९९० पूर्वीचं. कम्युनिस्ट चीनशी व्यापारावर अमेरिकेने घातलेली बंदी १९७१ मध्ये उठली. तेव्हा ‘अमेरिकेत साठच्या दशकात विकलेलं’ म्हणून सांगितलेल्या खेळण्यावर ‘मेड इन चायना’ दिसलं, तर तिथेच थांबा. सोव्हिएत खेळण्यांवर अनेकदा किंमतच साच्यात कोरलेली असते, आणि तिथलं सरकारी ‘गुणवत्ता-चिन्ह’ १९६७ पासूनचं.

एक सावधगिरी बाळगा. खेळण्यावर कोरलेलं वर्ष बहुधा स्वामित्वहक्काचं असतं, उत्पादनाचं नसतं. केनरच्या बाहुलीच्या पायावर १९७७ असलं, तरी ती त्यानंतर कित्येक वर्षांनी साच्यातून निघालेली असू शकते.

नक्कल आणि पुन्हा काढलेला माल

साचे कंपनीपेक्षा जास्त जगतात. मार्क्सचे साचे पुढे मेक्सिकोतही वापरले गेले आणि त्यांतून बाहुल्या निघत राहिल्या. अशा वस्तू बनावट नसतात, पण त्यांची किंमत मूळ मालाची नसते. रंग वेगळा, प्लास्टिक मऊ, तपशील किंचित बोथट, अशा खुणांवरून त्या ओळखू येतात. जी वस्तू घ्यायची तिचे मूळ रंग कोणते होते, हे आधी पाहून ठेवा.

सुटे भाग हा मोठा सापळा आहे. बाहुली मूळची असते, पण शिरस्त्राण, बंदूक, झगा नवा असतो. अशा नव्या भागांना विक्रेते ‘रिप्रो’ म्हणतात. प्रामाणिक विक्रेता ते लिहितो, काही जण गप्प राहतात. केनरच्या ‘स्टार वॉर्स’ बाहुल्यांतला छोटा ‘जावा’ सुरुवातीला व्हिनाइलच्या झग्यात आला आणि लवकरच त्याला कापडी झगा मिळाला. व्हिनाइलवाला दुर्मीळ झाल्यामुळे दुसऱ्या बाहुलीचा झगा कापून बनवलेले ‘जावा’ बाजारात फिरतात. केनरची मूळ शस्त्रं पाण्यावर तरंगतात, नकली बुडतात, अशी एक कसोटी सांगितली जाते. ती मदतीला घ्या, पण तिच्या एकटीवर विसंबू नका. आता नकली शस्त्रंही तरंगतील अशी बनतात.

लेगोच्या सुरुवातीच्या अंतराळवीरांचं शिरस्त्राण हनुवटीखाली पातळ होतं आणि तिथेच तडकायचं. इतकं सर्रास, की २०१४ च्या ‘द लेगो मूव्ही’त बेनी नावाच्या निळ्या अंतराळवीराला मुद्दाम तसंच तुटकं शिरस्त्राण दिलं आहे. हनुवटी आणि छातीवरचं सोनेरी चिन्ह यांचे जवळून घेतलेले फोटो मागितल्याशिवाय लेगोचा अंतराळवीर घेऊ नका.

विक्रेत्याला काय विचाराल?

पत्र छोटं, नम्र आणि मुद्देसूद असावं. हे प्रश्न बहुतेक वेळा पुरतात:

• तड, डिंकाचा जोड, चावल्याच्या खुणा, तुटलेलं टोक कुठे आहे का?
• कोणता भाग नवा किंवा बदललेला आहे का? कुठे रंग दिला आहे का?
• तळाचा, पाठीचा आणि कोरलेल्या अक्षरांचा नैसर्गिक उजेडातला फोटो मिळेल का?
• पट्टी शेजारी ठेवून उंची दाखवाल का?
• चिकटपणा किंवा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का?
• वस्तू सिगारेट ओढणाऱ्या घरातली आहे का? बॅटरीच्या कप्प्यात गंज आहे का?

व्हिनेगरचा वास येणं म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट नावाचं जुनं प्लास्टिक आतून विघटित होत असल्याची खूण. ती वस्तू कितीही सुंदर असो, ती सोडून द्या.

जाहिरातीतली भाषाही शिकून घ्या. ‘लूज’ म्हणजे खोक्याविना. ‘ॲज इज’ म्हणजे आहे त्या अवस्थेत, नंतर तक्रार नको. ‘अनटेस्टेड’ म्हणजे चालतं की नाही हे विक्रेता सांगत नाही, आणि बॅटरीवरचं खेळणं असेल तर ते चालत नाही असंच धरून चाला. ‘मिंट’ हा शब्द फार उदारपणे वापरला जातो. शब्दापेक्षा फोटोवर विश्वास ठेवा. विक्रेत्याने साध्या प्रश्नाचं उत्तर टाळलं, तर वस्तूचा मोह आवरा. दुर्मीळ म्हणवणाऱ्या बहुतेक वस्तू वर्षभरात पुन्हा विक्रीला येतात.

खरी किंमत म्हणजे घरपोच किंमत

भाव ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे पाहू नका. ईबे या विक्री-संकेतस्थळावर ‘सोल्ड आयटम्स’ ही चाळणी लावली की प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव दिसतात. लिलावात उतरण्याआधी आपला कमाल आकडा लिहून ठेवा आणि त्यापुढे जाऊ नका.

प्लास्टिकची खेळणी हलकी असली तरी जागा खातात, आणि कुरियर कंपन्या जागेचेही पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची, हा त्यांचा सर्वसाधारण हिशेब. ४० × ३० × २० सेंटिमीटरचा खोका पाऊण किलोचा असला, तरी तो ४.८ किलोचा धरला जातो. म्हणून एकाच विक्रेत्याकडून तीन-चार छोट्या वस्तू घेऊन एकत्र पाठवायला सांगणं फायद्याचं.

कस्टम्सचा विचार खरेदीआधी करा. आयात शुल्क खेळण्याच्या किमतीबरोबरच वाहतूक आणि विमा धरून येणाऱ्या रकमेवर लागतं. भारताने खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केलं होतं. टपाल-कुरियरने येणाऱ्या वैयक्तिक मालाची वर्गवारी वेगळी असू शकते आणि दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. त्यामुळे मागवण्याच्या आठवड्यात चालू दर तपासा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरातन म्हणून वेगळी वागणूक मिळते. प्लास्टिकची अंतराळ-खेळणी त्यात बसत नाहीत.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. साठ वर्षांपूर्वीच्या परदेशी खेळण्यावर ते असणार नाही, आणि त्या कारणाने पार्सल अडू शकतं. महागडी वस्तू मागवण्याआधी कुरियर कंपनीच्या कस्टम्स विभागाला लेखी विचारा. बिलावर वस्तूचं खरं वय, खरी किंमत आणि ती संग्रहासाठी आहे हे स्पष्ट लिहून घ्या. केवायसीची कागदपत्रं तयार ठेवा.

‘गिफ्ट लिहून पाठवतो’ किंवा ‘किंमत कमी दाखवतो’ असं विक्रेता म्हणाला, तर ठाम नकार द्या. राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता भेटवस्तू करमुक्त मागवण्याची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. खोटी किंमत हा गुन्हा तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर विम्याची भरपाईही त्या खोट्या किमतीपुरतीच मिळते.

अनेक मराठी घरांतलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत, लंडनजवळ किंवा जर्मनीत असतं. वस्तू त्यांच्या पत्त्यावर मागवून, ते येतील तेव्हा सामानातून आणणं हा चांगला मार्ग आहे. मात्र करमुक्त सामानाची मर्यादा त्यांना आधी तपासायला सांगा आणि मर्यादेबाहेरचं असेल ते जाहीर करा. पार्सल त्यांच्याकडे पोचताच उघडून फोटो काढायला सांगा. ईबेची परतावा-हमी साधारण ३० दिवसांची असते, आणि वस्तू पहिल्या पत्त्यावरून पुढे दुसरीकडे पाठवली की ती लागू राहत नाही. दिवाळीत येणाऱ्या मामांच्या बॅगेत तड सापडली, तर तोवर तक्रारीची मुदत टळलेली असेल.

पैसे देताना

ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहार आपण स्वतः चालू करावा लागतो. खरेदीपुरता चालू करा, मर्यादा घाला, मग बंद करा. परकी चलनाच्या व्यवहारावर बँका बहुधा दोन ते साडेतीन टक्के जास्त घेतात, तेही हिशेबात धरा. ईबेसारख्या विक्री-मंचाबाहेर थेट पैसे पाठवायला किंवा ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ या नावाखाली द्यायला सांगणाऱ्याशी व्यवहार करू नका. अशा पैशाला खरेदीदार म्हणून कोणतंच संरक्षण नसतं.

बांधणी आणि जपणूक

विक्रेत्याला सांगा: सुटे भाग वेगळे गुंडाळा, शिरस्त्राण बाहुलीवर चढवून पाठवू नका, आधी पांढरा टिश्यू कागद आणि वर बबल रॅप, दोन खोके एकात एक, आणि बॅटरी काढून. पार्सल आलं की उघडताना सलग व्हिडिओ घ्या. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे दोन थेंब पुरतात. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट लांब ठेवा. कागदी चिकटचित्रं असतील तर पाणीही नको.

आपल्याकडचं हवामान या वस्तूंना जड जातं. खिडकीतलं ऊन आणि कोकणातला दमटपणा दोन्ही टाळा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या बदलत राहा. आपल्या घरातली एक सवय मात्र इथे घातक आहे: कपाटात डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करून बिघडवते. व्हिनाइलच्या वस्तू कडक प्लास्टिकला टेकू देऊ नका, त्या काचेच्या बंद बरणीत वेगळ्या ठेवा. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या टाळा, साध्या पॉलिएथिलीनच्या झिपवाल्या पिशव्या चालतात.

पहिली खरेदी

पहिली खरेदी मोडक्या वस्तूची करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. शिरस्त्राण हरवलेला, हात तुटलेला एखादा आर्चरचा अंतराळवीर आणि त्यासोबत हाँगकाँगची एखादी स्वस्त नक्कल, एवढंच मागवा. दोन्ही शेजारी ठेवा. वजन हातावर घ्या, तळाची अक्षरं भिंगातून वाचा, नखाने ठोकून आवाज ऐका, साच्याची शिवण बोटाने शोधा. कडक आणि मऊ प्लास्टिक, धारदार आणि बोथट तपशील यांतला फरक एकदा बोटांना कळला, की पुढच्या प्रत्येक फोटोत तो डोळ्यांनाही दिसू लागतो आणि विक्रेत्याला नेमकं काय विचारायचं हे आपोआप सुचतं.

आणि त्याच दिवशी एक वही सुरू करा. वस्तू, बनवणारी कंपनी, अंदाजे वर्ष, विक्रेत्याचं शहर, दिलेली किंमत, टपाल, शुल्क, बदललेले भाग आणि विक्रेत्याने दिलेली उत्तरं तिच्यात लिहा. या खेळण्यांच्या कित्येक कंपन्या केव्हाच बंद पडल्या आणि त्यांची कागदपत्रं विखुरली. त्यांच्याबद्दल जे काही आज ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं संग्राहकांनी अशाच नोंदी ठेवल्यामुळे टिकलं आहे. तुमची वही त्यात भर घालील. उद्या तुमचा संग्रह दुसऱ्या कुणाकडे गेला, तर त्याने विचारावेत असे सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्याला तिथे तयार मिळतील.